अंगठ्याएवढा टी आणि वाडीचं गोडाऊन

गाडीचं काम झालं अडीच तासांत. त्या कामासाठी लागणारा अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा हातात यायला मात्र एकोणीस दिवस लागले. त्यातले बारा दिवस तो, निदान कागदोपत्री, माझ्या घरापासून पंधरा किलोमीटरवर पडून होता. अजूनही नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूने गेलो की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतो.

गाडी २००४ ची लँड क्रूझर, शंभर सिरीज, ४.७ लिटरचं पेट्रोल व्ही-एट. काकांनी हौसेने घेतली होती, त्यांचे गुडघे गेले तेव्हा माझ्याकडे आली. मायलेजबद्दल एवढंच सांगतो की पेट्रोल पंपावरची पोरं मला नावाने ओळखतात.

फेब्रुवारीपासून गाडी बंद केली की बॉनेटजवळ गोडसर वास यायचा. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास असा गोडच असतो. बाटलीतली पातळी महिन्याला बोटभर उतरायची, पण खाली जमिनीवर थेंब नाही. कारण थेंब गरम इंजिनवर पडून तिथेच वाळत होता. एप्रिलच्या एका शुक्रवारी मानेवाड्यात आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारून इंजिनच्या मागे, डॅशबोर्डच्या पत्र्याजवळ, पाइपाच्या सांध्यावर जमलेला गुलाबी-पांढरा खार दाखवला. "हा पाहा, इथून पाझरून राहिला," म्हणत त्यांनी सांध्याला बोट लावलं आणि तिथला टी, म्हणजे पाइपाला दोन फाटे फोडणारा प्लॅस्टिकचा जोड, खारी बिस्किटासारखा त्यांच्या हातात आला.

मिस्त्रींची चूक नाही. ज्याची या मॉडेलची गाडी वीस वर्षं जुनी झाली असेल त्याने आजच टॉर्च घेऊन बघावं. या गाडीत मागच्या सीटवाल्यांसाठी वेगळा हीटर असतो. म्हणून इंजिनकडून येणारा गरम पाण्याचा पाइप आणि परत जाणारा पाइप, दोन्ही एकेका टी-जॉइंटवर फुटतात, एक फाटा पुढे, एक मागे. ते दोन्ही टी प्लॅस्टिकचे. इंजिनच्या धगीत वर्षानुवर्षं राहून प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि शेवटी ठिसूळ. वरून रबरी पाइप धडधाकट दिसतो, त्यामुळे आत काय झालंय ते कळत नाही.

"हीटर? नागपुरात? काऊन भाऊ, ऊन कमी पडून राहिलं का तुम्हाले?" मिस्त्री म्हणाले. बाहेर तेव्हा बेचाळीस होतं. हा विनोद पुढच्या तीन आठवड्यांत मी किमान दहा जणांकडून ऐकला. तर त्याचं उत्तर: हीटर तुम्ही जन्मात लावू नका, त्या टीमध्ये इंजिनचं पाणी असतंच. इंजिन तापलं की तेच पाणी, तोच दाब. दाबाखाली पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, म्हणून सिस्टीम बंद ठेवलेली असते. टी फुटला की दाब गेला, पाणी गेलं आणि मे महिन्यात पेंचच्या खुरसापार गेटच्या रस्त्यावर इंजिनही गेलं. आमचा टी मिस्त्रींच्या अंगणात फुटला हे खरं तर नशीब म्हणायचं.

मिस्त्रींचा सल्ला सरळ होता. बायपास करू, इंजिनमधून निघालेला पाइप इंजिनलाच परत जोडू, हीटरचा विषय संपला. किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून लेथवर पितळेचा टी कातून आणू. मी दोन्ही नाही म्हटलं. काकांची गाडी आहे, जशी होती तशीच राहील, ओरिजिनल टी लावायचा. आणि डिसेंबरात चिखलदऱ्याला हीटर लागतोच की. मिस्त्रींनी खांदे उडवले, गाडी ढकलून कडुनिंबाखाली लावली.

(तुम्ही असा ताठा करू नका. टी येईपर्यंत बायपास करून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. माझी गाडी एकोणीस दिवस निंबाखाली उभी राहिली, पक्ष्यांनी तिची काय अवस्था केली ते सांगत नाही.)

घाट रोडवरची दुकानं पालथी घातली. बोलेरोचं सगळं मिळतं, जिप्सीचं तर विचारूच नका, पेंच-ताडोबाच्या जिप्स्यांमुळे ते मार्केट इथे जोरात आहे. माझ्या गाडीचं नाव काढलं की दुकानदार आधी कौतुकाने गाडीबद्दल विचारायचा, मग नाही म्हणायचा. शेवटी दिल्लीला कश्मीरी गेटच्या एका पार्टवाल्याला फोन केला, शनिवारी. चॅसिस नंबर दिला, फुटलेल्या टीचा फोटो व्हर्नियर लावून पाठवला, सोळा मिलिमीटरच्या आसपास. दहा मिनिटांत "है" असा मेसेज. दोन टी, दोन मीटर पाइप, दहा क्लिपा, एक रेडिएटर कॅप, सगळं साडेतीन हजारांच्या आत. मी म्हटलं कुरिअरने पाठवा. तो म्हणाला ट्रान्सपोर्टने टाकतो, आमचा पोरगा रोज तिथे जातोच, चार दिवसांत मिळेल. मी हो म्हटलं. ही माझी चूक.

आता वाडी.

सातव्या दिवशी, शुक्रवारी, ट्रान्सपोर्टच्या वेबसाइटवर बिल्टी (मालाची पावती) नंबर टाकला तर "नागपूरला पोहोचले". शनिवारी सकाळी साडेदहाला अमरावती रोडने वाडीला. गोडाऊनच्या दारात ट्रक आडवे लागलेले, आत मिरचीच्या पोत्यांचा ठसका. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, म्हणाला आला आहे, थांबा. दीड तास थांबलो. मग तो म्हणाला, "दिसून तर राहिला, पण भेटून नाही राहिला."

सोमवारी परत. तेव्हा कळलं की माझं खोकं ट्रकमधून उतरलंच नव्हतं. उतरवल्याची एन्ट्री झाली, खोकं मागच्या कोपऱ्यात राहिलं आणि ट्रक हैदराबादला गेला. देशाच्या मधोमध राहण्याचा असा फायदा. उत्तर-दक्षिण रस्ता इथून, पूर्व-पश्चिम रस्ता इथून, झिरो माईलचा दगड इथे, सगळ्या भारताचा माल आमच्या दारावरून जातो. माझाही गेला. "वापस येईल न सर, टेन्शन नका घेऊ," पोरगा म्हणाला. टेन्शन मी घेतलं. आवाजही चढवला, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या किराणावाल्याने मला पाणी दिलं तेव्हा लाज वाटली.

चौदाव्या दिवशी खोकं हैदराबादहून परतलं. पंधराव्या दिवशी, पुन्हा शनिवार, मी काउंटरवर.

"सर, ओटीपी सांगा."

ओटीपी आला नव्हता. पुन्हा पाठवला, नाही आला. बिल्टी बघितली तर दिल्लीवाल्याच्या पोराने माझ्या मोबाइल नंबरातला शेवटचा सहा शून्यासारखा काढलेला, आणि कॉम्प्युटरमध्ये शून्यच चढलेला. मी आधार कार्ड दाखवलं, पैसे भरल्याचा पुरावा दाखवला, फुटक्या टीचा फोटोही दाखवला. खोकं तिथेच होतं, मला दिसत होतं, काउंटरच्या मागे, माझं नाव लिहिलेलं. "ओटीपीशिवाय सिस्टीम माल सोडत नाही, सर." सिस्टीम हा शब्द त्या पोराने असा उच्चारला, जशी आमची आजी "देवीचा कोप" म्हणायची.

मग मला अक्कल सुचली. बिल्टीवरच्या त्या चुकीच्या नंबरलाच फोन लावला. पलीकडे कोणी भला माणूस, बोलण्यावरून भंडाऱ्याकडचा. मी सगळं नीट समजावून सांगितलं, टी, हीटर, हैदराबाद. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, ओटीपी कोणालेच सांगायचा नसते. बँकेवाले सांगतात." आणि फोन ठेवला. माणूस बरोबर होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं, वरून दोन शिव्याही दिल्या असत्या.

रविवारी दिल्लीचं दुकान बंद. सोमवारी पार्टवाल्याने नंबर दुरुस्तीचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ते चालत नाही, ईमेलवर पाहिजे. मंगळवारी ईमेल केलं. शिक्का नाही. शिक्का मारून पुन्हा केलं तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा, म्हणजे "आता उद्या". बुधवारी गेलो तर बिलात तीनशे साठ रुपये डॅमरेज, म्हणजे माल गोडाऊनमध्ये पडून राहिल्याचं भाडं. तीन दिवस फुकट, पुढे रोजचे चाळीस, नऊ दिवसांचे तीनशे साठ. मी विचारलं, माल हैदराबादला असताना तुमच्या गोडाऊनची जागा कोणी अडवली होती? पोरगा आत गेला, मॅनेजर बाहेर आले, त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि ऐंशीवर तोडलं. ते ऐंशीही माझ्याकडून निघायला नको होते, पण तोवर माझ्यातला दम संपला होता. दिले.

खोकं हातात दिलं ते एका वयस्क हमालाने. त्यांनी ते उचलून वजन बघितलं. "काय आहे साहेब याच्यात? रोज येऊन राहिले तुम्ही." मी तिथेच फाडून टी दाखवला. त्यांनी तो बोटात फिरवून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी मले विचारलं असतं तर सांगितलं असतं, खोकं उतरलंच नाही." तर हा एक सल्ला: काउंटरवर कॉम्प्युटरला विचारण्याआधी हमालांना विचारा. आणि दुसरा, खरं तर पहिला: दोन किलोचा पार्ट असेल तर स्पीड पोस्टने मागवा. पोस्टमन दारात आणून देतो, आणि त्याला घर माहीत असतं.

काम. गुरुवारी सकाळी आठला सुरू केलं, ऊन चढायच्या आत. इंजिन थंडगार असतानाच रेडिएटरची खालची चावी सोडली, कूलंट बादलीत धरलं. जुने पाइप ओढायचे नाहीत, हे मिस्त्रींनी तीनदा बजावलं. पत्र्यातून बाहेर आलेली हीटरची नळी पातळ असते. पाइप तिला चिकटलेला असतो, पिळून ओढला तर नळीच वाकते किंवा तडकते, आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. त्यांनी ब्लेडने पाइपाला लांबीच्या दिशेने चीर दिली आणि केळ्याच्या सालीसारखा उलगडून काढला. नळीवर ब्लेड लागू न देता. हे बघण्यासारखं होतं.

फुटलेल्या टीचे तुकडे मोजा. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. आमच्या टीचा एक कपचा कमी भरत होता, तो मागे जाणाऱ्या पाइपात चिमट्याने सापडला. राहिला असता तर जाऊन हीटरच्या जाळीत अडकला असता. दुसरा टी अजून शाबूत वाटत होता. काढताना नुसत्या दाबाने त्याचे दोन तुकडे झाले. म्हणून एकच बदलून पैसे वाचवायचे नाहीत.

क्लिपांवरून आमचा वाद झाला. मिस्त्रींना स्क्रूवाली क्लिप आवडते, "कसून टाकतो, विषय खतम". मी स्प्रिंगवालीच लावायला लावली. रबर कालांतराने दबतं, स्प्रिंग त्याच्यामागे आवळत जाते, स्क्रूवाली जिथे कसली तिथेच राहते. शिवाय नवा असला तरी टी प्लॅस्टिकचाच, जोरात कसला तर आजच तडा. हा एक वाद मी जिंकलो. पितळेचा टी लावायला हवा होता हे मात्र मिस्त्री अजूनही ऐकवतात. मी म्हणतो, पहिला वीस वर्षं टिकला, हा टिकेपर्यंत मी साठीचा होईन, मग बघू.

कूलंट लाल, निम्मं डिस्टिल्ड पाण्यात मिसळून. हिरवं आणि लाल एकत्र करू नका, आणि बोअरचं पाणी तर अजिबात नाही, आमच्याकडच्या पाण्याचा क्षार तुमच्या बादलीला विचारा. मग गाडीचं तोंड गॅरेजच्या उतारावर वर करून, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू केलं आणि पुढचा-मागचा दोन्ही हीटर फुल गरमवर ठेवले, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. बुडबुडे थांबले, कूलंट भरलं, नवी कॅप लावली. एप्रिलमध्ये, साडेदहा वाजता, काचा खाली करून, हीटर फुलवर ठेवून मी आत बसलो होतो. रस्त्यावरून जाणारे पाहत होते. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला.

मिस्त्रींनी मजुरीचे आठशे घेतले. गाडी धुवायला त्याच्या अर्धे गेले.

परवा एक फोन आला. भंडाऱ्याचा तोच माणूस. म्हणाला, "भाऊ, तुमचा तो माल भेटला का? मले ट्रान्सपोर्टवाल्याचा मेसेज आला, सेवा कशी वाटली म्हणून विचारून राहिले. किती स्टार देऊ?"

मी म्हटलं, एक द्या.