कूलर भाडेकरूचा, अर्थिंग कुणाचं?

एप्रिल लागला की सोलापुरात आम्हा वायरमन लोकांना कूलरचीच कामं. भवानी पेठेतून एका ताईंचा फोन आला, "दादा, कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. घरात रांगतं पोर आहे." मालकांना सांगून त्या दमल्या होत्या. उत्तर ठरलेलं, "चप्पल घालून हात लावायचा."

पत्र्याच्या बॉडीला टेस्टर लावला, लगेच पेटला. पाण्यातल्या पंपाच्या वायरचा जोड उघडा पडला होता. तेवढ्यात मालक जिना उतरून आले. "बघा, कूलर तुमचा, भानगड तुमची. मी एमसीबी बसवलाय की!"

या एमसीबीवर लोकांचा भारी विश्वास. हा आपोआप पडणारा स्विच ओव्हरलोडला पडतो, शॉर्टला पडतो. माणसाचा जीव घेणारा करंट त्याच्या लेखी किरकोळ. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे एवढासा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच, आणि मुळात धड अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी वायर.

होल्डरला १०० चा बल्ब लावून त्याची दोन टोकं प्लगच्या भोकांत घातली. फेज-न्यूट्रलवर लख्ख पेटला. फेज-अर्थवर ढिम्म, म्हणजे अर्थिंगच नाही. बोर्ड उघडला, तर अर्थची हिरवी वायर भिंतीतून जेमतेम बाहेर येऊन कापलेली.

"मालक, पंप ताई बदलतील. ही वायर कुणाची?"

ताईंचा भाऊ वकिली शिकतो. त्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ काढलं. करारात वेगळं ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक. नोटिशीनंतर १५ दिवसांत केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून खर्च कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. करारात दुरुस्तीचं अक्षरही नव्हतं.

चतुर्थांश ऐकल्यावर मालक नरमले. "नोटीस-बिटीस कशाला, मीच करतो."

अर्थचा पाइप पार्किंगच्या फरशीखाली सापडला, तोही गंजून तुटलेला. नवा खड्डा घेतला, पाइप टाकला, हिरवी वायर थेट बोर्डापर्यंत ओढली. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा, असं दोघांनाही बजावलं, कारण इथली माती मे महिन्यात ठणठणीत कोरडी पडते.

आरसीसीबी ही दुरुस्ती की नवी वस्तू, यावर भाऊ आणि मालक जिन्यात हुज्जत घालत होते, तोवर मी ती बसवून टाकली. टेस्टचं बटण दाबलं, खटकन पडली. बिल दोघांच्या नावाने अर्धं अर्धं फाडलं. फरशीचा रंग जुळला नाही म्हणून मालक अजून कुरकुरतात.