आमची वाटचाल : दिव्याची गरी

रत्नागिरीत आम्ही गरीसाठी, म्हणजे मासे धरायच्या गळासाठी, दिव्याची आमिषं बनवतो असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे एलईडी मासेमारी?" 2017 पासून या प्रश्नाला उत्तर देतोय, आणि जोवर विचारला जाईल तोवर देणार. या एका प्रश्नाने आमचा धंदा बुडता बुडता राहिला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एलईडीवाल्या बोटीवर जनरेटर असतो. त्यावर किलोवॉटच्या हिशेबाने दिवे लागतात. उजेडाला प्लवक येतं, त्यामागे जवळा आणि बारीक मासळी, तिच्यामागे मोठी, आणि मग त्या सगळ्या गोतावळ्याभोवती पर्ससीनचं, म्हणजे घेरून तळाशी आवळायचं, जाळं फिरतं. लहानमोठं काही सुटत नाही. आमच्या गरीतला दिवा दहा मिलिवॉटच्याही आत चालतो. एक किलोवॉट भरायचा तर तशा लाखभर गऱ्या एकदम पाण्यात सोडाव्या लागतील. आणि एका गरीला एका वेळी एकच म्हाकूल, म्हणजे स्क्विड, लागतं, नाहीतर एकच बळा, म्हणजे पट्टीसारखा लांब मासा. माणूस हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, धरून बसलेला असतो, लहान लागलं तर परत सोडतो. या दोन गोष्टींना एकच नाव देणाऱ्याने एकदा रात्री आमच्याबरोबर होडीत यावं.

माझं मूळ काम मिरकरवाड्यात, म्हणजे रत्नागिरीच्या मासेमारी बंदरात, बोटींवरचे फिशफाइंडर, जीपीएस आणि वायरलेस सेट दुरुस्त करण्याचं. खाऱ्या हवेत सोल्डर कसं हिरवं पडतं, वायरीच्या आत तांबं कसं काळं होत जातं, हे मी तिथे शिकलो. मर्चंट नेव्हीतल्या एका मित्राने जपानहून म्हाकुलाची जिग आणली होती. तिकडे तिला एगी म्हणतात. कोलंबीच्या आकाराचं अंग, वर कापड गुंडाळलेलं, पोटाला शिसं, आणि शेपटीला उलटा काटा नसलेल्या आकड्यांचा दुहेरी मुकुट. म्हाकूल आमिष गिळत नाही, लांब सोंडांनी झेपावून कवटाळतं, म्हणून आकडे वर वळलेले आणि बिनकाट्याचे. तंगूस ढिली पडू दिली नाही तर ते सुटत नाही.

माझा मेव्हणा सुतार. ती जिग हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "भाऊजी, हा पांगारा नाही, पण पांगाऱ्यात होईल." सावंतवाडीची जुनी खेळणी ज्या पांगाऱ्याची होत तोच. हलका, मऊ, पटाशीला गोडीने लागणारा. आमच्या पहिल्या गऱ्या त्याने पांगाऱ्यातून कोरल्या. वर त्याच्या बायकोने ब्लाउजपीसचं कापड चिकटवलं. आत दिवा बसवायचं काम माझं. मेव्हणा पुढे पुण्याला फर्निचरच्या कामाला गेला, पण नाकाचा जो उतार त्याने कानशीने काढला तो आजही आमच्या प्लास्टिकच्या साच्यात तसाच आहे. खेचली की गरी डावी-उजवीकडे उसळते आणि सोडली की नाक खाली करून सावकाश बसते, ते त्या उतारामुळे. म्हाकूल बहुतेक वेळा बसतानाच येतं.

दिव्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नक्कल करणाऱ्यांना नेमकं हेच कळलेलं नाही. गरीला बटण ठेवलं तर त्या फटीतून पाणी शिरणारच. म्हणून नाकापाशी स्टीलच्या दोन पिना. खारं पाणी दोन्हींना लागलं की दिवा पेटतो, बाहेर काढून पुसलं की विझतो. बाजारातल्या साध्या रचनेत दिव्याचा सगळा करंट पिनांमधून, म्हणजे पाण्यातूनच जातो. तसं केलं की धन बाजूची पिन गंजत जाते, मग स्टील खाऱ्या पाण्यासाठीचं 316 का असेना. काही रात्रींत तिथे पिनेऐवजी काळं भोक उरतं. आम्ही मध्ये एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घातला. आता पाण्यातून जातो तो फक्त इशारा, मायक्रोअँपिअरमध्ये, आणि दिव्याचा करंट आतल्या आत फिरतो. पिना वर्षानुवर्षं टिकतात. तिथला रेझिस्टन्सही आम्ही मुद्दाम मोठा ठेवला आहे. पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी बराच काळ मचूळ असतं, साधी गरी त्यात पेटतच नाही. आमची पेटते.

सेल सीआर 425, टाचणीसारखा बारीक, तीन व्होल्टचा. झाकणाला नायट्राइल रबराची गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, तिला सिलिकॉनचं ग्रीस. प्रत्येक गरी आम्ही पीव्हीसी पाइपच्या एका नळकांड्यात पाण्यात बुडवून सायकलच्या पंपाने दाब देतो. दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो, आम्ही चार वातावरणांपर्यंत नेतो. मग ती गरम पाण्याच्या पातेल्यात. आतली हवा फुगते आणि कुठे सुईएवढी फट असली तर बुडबुड्यांची माळ निघते. ज्या गरीला बुडबुडा आला ती बाहेर जात नाही. हे पातेलं, हा पंप आणि माझा जुना अ‍ॅनालॉग मल्टिमीटर, एवढ्यावर हा धंदा उभा आहे.

रंगाचंही तसंच. दुकानात गिऱ्हाइकाला लाल दिवा आवडतो, पण पाण्यात पहिला मरतो तो लालच. स्वच्छ समुद्रात निळा सगळ्यात खोल जातो. आपल्या किनाऱ्यालगत खाड्यांचा गाळ आणि शेवाळ असल्याने हिरवा जास्त चालतो. बहुतेक म्हाकुलांच्या डोळ्यात एकच रंगद्रव्य असतं, तेही निळ्या-हिरव्याला जागणारं. म्हणून आम्ही 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा धरला आणि तोही मंद ठेवला. म्हाकूल झगमगाटात शिरत नाही, उजेडाच्या कडेला काळोखात थांबतं आणि तिथून झेप घेतं. जितका जास्त उजेड तितकी जास्त मासळी, असं मानणारे लोक अजून भेटतात. त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मधली वर्षं चांगली गेली. साचा झाला, गाळा भाड्याने घेतला, दोन मुली कामाला आल्या, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुकानांत माल जाऊ लागला.

मग 2017 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दिव्यांच्या साहाय्याने चालणाऱ्या ट्रॉल, पर्ससीन आणि गिलनेट मासेमारीवर बंदी आणली. ती बंदी योग्यच होती. मी स्वतः तिच्या बाजूने बोललो आहे आणि अजूनही बोलतो. पारंपरिक मच्छीमाराने तिच्यासाठी समुद्रात आणि रस्त्यावर किती सोसलं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण आमच्या डब्यावर 'एलईडी' हा शब्द छापलेला होता. दुकानदार घाबरले. "उगाच कुणी धाड घातली तर?" म्हणत माल परत यायला लागला. आदेशात कुठल्या प्रकारच्या मासेमारीचा उल्लेख आहे ते मी छापून दुकानादुकानांत नेलं. वाचलं फार थोड्यांनी. गाळ्यात खोक्यांवर खोकी चढली, आणि मुलींचा पगार मी पुन्हा वायरलेस सेट दुरुस्त करून दिला.

त्याच सुमाराला मुंबईचा एक व्यापारी आला. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही, किनाऱ्यावर लोक ओळखतात. गोड माणूस. नमुने घेतले, मोठ्या ऑर्डरची भाषा केली, चहा घेता घेता पातेल्यातली चाचणीही बघितली. पुढच्या हंगामात आमचीच गरी बाजारात, निम्म्या किमतीत. डोळा जरा मोठा, शेपटी जरा आखूड, बाकी नाकाचा उतारसुद्धा तोच. आमच्या आकाराची डिझाइन नोंदणी होती. पण ती नोंदणी दिसण्याला संरक्षण देते, आतल्या कामाला नाही. डोळा-शेपटी बदलली की भांडण लांबतं, आणि कोर्टात भांडण लांबवणं त्याला परवडत होतं, मला नाही. हे अजून डाचतं. लोक म्हणतात विसरून जा. मेव्हण्याने कानशीने काढलेला उतार कुणी दुसऱ्याच्या नावाने विकत असेल तर तो विसरता येत नाही.

बरं, नक्कल तरी नीट करायची. त्यांनी ओ-रिंग काढून झाकण चिकटवलं आणि मॉस्फेट गाळला. दोन-चार रात्रींत पाणी आत आणि पिन गायब. गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच दिसायच्या, त्यामुळे शिव्या आम्हाला. देवगडच्या एका दुकानातून पिशवीभर बंद पडलेल्या गऱ्या परत आल्या. उघडून बघितल्या तर त्यात आमची एकही नव्हती.

अशा वेळी नाटे गावचे चाचा उभे राहिले. चाचा जुने तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आता बोट मुलं चालवतात आणि ते छोट्या होडीने रात्री गरवायला जातात. पहिल्या पांगाऱ्याच्या गऱ्या त्यांनीच वापरल्या होत्या. विकत घेताना प्रत्येक गरीच्या पिना जिभेला लावून बघायची त्यांची पद्धत. थुंकी लागली की दिवा पेटतो. पेटायला क्षणभर उशीर झाला तरी बाजूला ठेवणार. त्यांनी बाजूला ठेवलेली गरी मी मीटरवर लावली की काहीतरी सापडायचंच.

एक दिवस ते गाळ्यावर आले. खोकी बघितली. खिशातून नकली गरी काढली, कोयतीने मधोमध चिरली, शेजारी आमची एक मागून घेऊन तीही चिरली आणि दोन्ही अर्धुकं कागदात बांधून घेतली. जेट्टीवर जो भेटेल त्याला ती दाखवायचे. एकीच्या आत मिठाचं काळं पाणी, दुसरीच्या आत कोरडं ठणठणीत. मला म्हणाले, "मिस्त्री, डब्यावरचं ते इंग्रजी काढ. आमची पोरं दिव्याची गरीच म्हणतात, तेच लिही." आणि परत आलेल्या मालातली बरीच खोकी रोख पैसे मोजून घेऊन गेले. मी नको म्हणत होतो. "पैसे मासळीतून सुटतील, तू साचा विकू नकोस," एवढंच बोलले. साचा विकायचं माझ्या मनात होतं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या हंगामात नारळी पौर्णिमेनंतर पहिली मागणी नाट्याहून आली, मग जयगड, मग मालवण. डब्यावर तेव्हापासून 'दिव्याची गरी' आहे.

या धंद्यात येऊ बघणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगतो. साचा तुमच्या पैशाने झाला असेल तर काम संपल्यावर मोल्डिंगवाल्याकडे ठेवू नका, घरी आणा, जड असला तरी. आणि आकाराची नोंदणी कुठल्याही प्रदर्शनात माल मांडायच्या आधी करा. एकदा जगजाहीर झालेल्या आकाराला ती मिळत नाही.

गरवणाऱ्यांनाही सांगतो. दिव्याच्या गरीला काळोख लागतो म्हणून सगळे अवसेला धावतात, पण अवसेला उधाण असतं, प्रवाह गरीला बसू देत नाही. शुद्ध सप्तमी-अष्टमीला जा. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळतो, पाणी भांगाचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं, संथ असतं, आणि उरलेली रात्र तुमची. पाणी पेटलेलं असेल, म्हणजे हात घातला की निळं चमकत असेल, त्या रात्री दिवा काढून नुसतं कापड वापरून बघा. घरी आलात की गरी गोड्या पाण्यात धुवा, सेल काढून ठेवा. संपलेला सेल समुद्रात टाकू नका, दुकानात परत द्या, आम्ही गोळा करतो.

सध्या बळ्यासाठी लांब अंगाच्या गरीचं काम चालू आहे. त्याचे दात तंगूस कापतात, म्हणून पुढे वीतभर स्टीलची तार, आणि दिवा नाकात न ठेवता पोटात. चाचांनी दोन नमुने जिभेला लावून पास केलेत, तिसऱ्याची पिन त्यांना पटलेली नाही, ती बदलतोय. जुन्या गऱ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जूनमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी लागली की गाळ्यावर आणून द्याव्यात. ओ-रिंग आणि पिना आम्ही फुकट बदलून देतो, अगदी पांगाऱ्याच्या असल्या तरी.