तुम्ही विचारलंत म्हणून: गोन्सालोने मरण पत्करलं, पण केलं काय?

वसईचा किल्ला बघायला आलेले पाहुणे मला हमखास विचारतात, "तुमचा संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये क्रुसावर गेला, हे ऐकलंय. पण त्याआधी त्यानं केलं काय?"

हे विचारणारा माणूस मला आवडतो. आम्ही वसईचे कॅथलिकसुद्धा त्याच्या शेवटच्या दिवसाबद्दलच जास्त बोलतो आणि त्याआधीची वर्षं तशीच राहून जातात. (आमच्या गावचा म्हणून मी त्याला एकेरीतच हाक मारतो.)

गोन्सालो 1557च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीय (जेज्विट) धर्मगुरूंकडे शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासोबत जपानला गेला. तिथली भाषा त्यानं अशी आत्मसात केली, की धर्मशिक्षणाचं काम त्याच्याकडे आलं. लोकांमध्ये बसायचं, प्रार्थना शिकवायच्या, येशूची गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायची. मनातून त्याला येशूसंघात जायचं होतं. त्याला घेतलं गेलं नाही.

मग तो बाहेर पडला, व्यापारात शिरला आणि चांगला स्थिरावला. मला हा टप्पा क्रुसाइतकाच मोलाचा वाटतो. नकार पचला होता, हातात पैसा होता, कुणी बोलावत नव्हतं. तरी मनिलाला जाऊन त्यानं फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संन्यासी संघाचं दार ठोठावलं आणि व्रतस्थ बंधू झाला. धर्मगुरू तो कधीच नव्हता. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायचा, पापनिवेदन (लोकांच्या पापांची कबुली) ऐकायचा अधिकार त्याला नव्हता. उपदेशक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेदीजवळचा पाद्री येतो, पण गोन्सालो उपदेश करायचा तो लोकांमध्ये बसून.

1593 साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना राजदूत म्हणून जपानला धाडलं. तिथला सत्ताधीश हिदेयोशी फिलिपिन्सने आपलं मांडलिकत्व मान्य करावं म्हणून धमकावत होता. त्या दरबारात दुभाष्या होता आमचा वसईकर. पुढे क्योटोत फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला, महारोग्यांसाठी इस्पितळ काढलं. नव्याने आलेल्या बंधूंना भाषा येत नव्हती, त्यामुळे रुग्णांचं दुखणं असो की दरबाराचा निरोप, गोन्सालोवाचून अडायचं.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर 1596मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यावरचा माल जप्त झाला, मिशनऱ्यांवरचा संशय वाढला आणि हिदेयोशीने त्यांच्या व त्यांच्या साथीदारांच्या धरपकडीचा हुकूम दिला. एकूण 26 जण. त्यांचे कान कापले, धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यातला सर्वांत लहान मुलगा 12 वर्षांचा होता.

1862 साली पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. "पण अर्धा पोर्तुगीज ना?" असंही काही जण विचारतात. ज्या मातीत जन्मला, वाढला, आई जिथली, तिथला तो. याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही. गास गावचं चर्च त्याच्या नावाचं आहे, वसईतलं कॉलेजही.

त्याच्या वारशाबद्दल मात्र मला नागासाकीचीच एक घटना सांगावीशी वाटते. तिथलं ओउरा चर्च या 26 हुतात्म्यांना अर्पण केलेलं आहे. ते बांधून झाल्यावर, मार्च 1865मध्ये, उराकामीचे काही शेतकरी आत आले आणि फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाले, की तुमची श्रद्धा तीच आमची. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, त्या काळात दोनशेहून अधिक वर्षं त्यांनी विश्वास लपवून जपला होता. धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती. गावातलीच साधी माणसं बाळांना बाप्तिस्मा देत आली होती आणि पोरांना प्रार्थना शिकवत आली होती. तरुणपणी गोन्सालो जपानमध्ये हेच शिकवण्याचं काम करत होता.