अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर सखारोव्ह

सप्टेंबरात साताऱ्याला उतरणारे बहुतेक जण कासच्या फुलांसाठी आलेले असतात. आम्ही मामा-भाची मात्र गावातच थांबलो. भाची सांगलीत एम.एस्सी. करते, विषय फिजिक्स. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ (उलट विद्युतभाराच्या कणांचा पदार्थ) उरला नाही, हे घडायला कोणत्या तीन अटी लागतात ते सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई सखारोव्ह यांनी १९६७ साली मांडलं, एवढीच तिची त्यांच्याशी ओळख. कराड मागं पडल्यावर तिनं गाडीत विचारलं, "मामा, एवढा मोठा फिजिसिस्ट, मग नोबेल शांततेचं कसं?"

म्हटलं, आधी राजवाडा बघू, मग सांगतो.

सकाळची वेळ, चौपाटीवरच्या गाड्या लागायच्या होत्या, त्यामुळं जुना राजवाडा मोकळेपणानं बघता आला. इथल्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव चढलं, हे भाचीला ठाऊक होतं. वाडा बांधणाऱ्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांबद्दल मात्र तिला काहीच सांगता येईना. दोष तिचा नाही, शिवकाळ आणि पेशवाई झाली की आपली पुस्तकं घाईनं १८५७ वर उडी मारतात.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीनं १८१९ च्या तहानं प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं. त्यांनी ते मन लावून चालवलं. पुढं जहागीरदारांवर हक्क कुणाचा, यावरून वाद झाला आणि राजानं तहातली कलमं दाखवून कंपनीशीच भांडायला सुरुवात केली. मग आरोप निघाले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, शिपायांना फितवणं. १८३९ साली मुंबईचा गव्हर्नर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यात आला. त्याचा निरोप सरळ होता: कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील. राजानं सही केली नाही. त्याच सप्टेंबरात त्यांना पदच्युत केलं, धाकट्या भावाला गादीवर बसवलं आणि महाराजांची रवानगी काशीला झाली. १८४७ साली तिथंच ते वारले.

"एका सहीचाच प्रश्न होता," भाची म्हणाली.

तिचं ते वाक्य धरूनच मी चार भिंती या स्मारकाच्या चढावर सखारोव्हची गोष्ट सुरू केली.

मॉस्कोत १९२१ साली जन्मलेला हा माणूस सत्तेच्या अगदी आतल्या दालनातला. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक. १२ ऑगस्ट १९५३ ला पहिली चाचणी झाली आणि त्याच वर्षी, बत्तिसाव्या वर्षी, तो विज्ञान अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. समाजवादी श्रमाचा वीर हा किताब त्याला तीनदा मिळाला. अमेरिकेकडं बॉम्ब असताना आपल्याकडंही हवा, नाहीतर जगाचा तोल जाईल, यावर त्याचा मनापासून विश्वास होता.

नोव्हेंबर १९५५ च्या मोठ्या चाचणीत एक सैनिक आणि एक लहान मुलगी मेली. त्या रात्रीच्या मेजवानीत सखारोव्हनं, हे बॉम्ब कायम चाचणीच्या मैदानावरच फुटोत, शहरांवर कधीच नाही, अशा अर्थाची इच्छा बोलून दाखवली. चाचणीचा लष्करी प्रमुख मार्शल नेडेलिन यानं उत्तरादाखल एक चावट किस्सा सांगितला. त्याचा मतलब असा, की तुम्ही फक्त ताकद द्या, दिशा आम्ही बघतो. त्यानंतर सखारोव्ह आकडेमोडीला बसला. हवेतल्या स्फोटांमधून पसरणाऱ्या किरणोत्सर्गानं दर मेगाटनामागं (म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढ्या स्फोटामागं), पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब धरता, सुमारे दहा हजार माणसं बळी पडतील, असा त्याचा अंदाज निघाला. त्यानं तो १९५८ मध्ये छापला. १९६१ साली, चाचण्या पुन्हा सुरू करू नका, अशी चिठ्ठी त्यानं थेट सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला दिली आणि ख्रुश्चेव्हनं त्याला सगळ्यांसमोर झापलं. पुढच्या वर्षी एक निव्वळ अनावश्यक चाचणी त्याला थांबवता आली नाही, तेव्हा टेबलावर डोकं ठेवून तो रडला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मला हा माणूस इथं खरा कळतो. त्याचं बंड कुठल्या घोषणेतून आलेलं नाही. स्वतः मांडलेलं गणित आपल्याच सरकारपुढं ठेवल्यावर ते कुणी बघेना, तिथून ते सुरू झालं.

चार भिंती हे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक. पायऱ्यांवर बसून आम्ही डबा सोडला. खाली सगळं सातारा, समोर यवतेश्वरचा डोंगर. रंगो बापूजी गुप्त्यांची आठवण इथं निघतेच. राजाची बाजू मांडायला लंडनला गेलेला हा माणूस तेरा वर्षांहून जास्त काळ तिथं दारं ठोठावत राहिला. मधल्या काळात राजा वारला, १८४८ मध्ये राज्यही खालसा झालं, तरी त्यानं माघार घेतली नाही.

सखारोव्हसाठी असं दार ठोठावणारी त्यांची बायको होती, येलेना बॉनर. १९६८ साली विचारस्वातंत्र्यावरचा त्यांचा निबंध हस्ते-परहस्ते फिरून परदेशात छापला गेला आणि गुप्त प्रकल्पाची दारं त्यांना बंद झाली. १९७३ मध्ये चाळीस अकादमी सदस्यांनी त्यांच्या निषेधाचं पत्र काढलं. १९७५ मध्ये नोबेल जाहीर झालं, पण सरकारनं जाऊ दिलं नाही. १० डिसेंबरला ऑस्लोत बॉनरनं पारितोषिक स्वीकारलं. त्याच दिवशी सखारोव्ह विल्निअसमध्ये होते, मित्र सर्गेई कोव्हाल्योव्हवर खटला चालू असलेल्या न्यायालयाच्या बाहेर. आत सोडत नव्हते, म्हणून बाहेर उभे.

भाचीचा घास हातातच राहिला. "स्वतःच्या नोबेलच्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत लष्करी घुसखोरीवर उघड बोलल्याबद्दल २२ जानेवारी १९८० ला त्यांना मॉस्कोत रस्त्यातच धरलं आणि गॉर्कीला नेऊन ठेवलं. परदेशी माणसाला बंदी असलेलं शहर, दारात पोलीस, किताब काढून घेतलेले. आठवणींच्या हस्तलिखितांची बॅग चोरीला गेली. त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा बॅग गेली, पुन्हा लिहिलं. उपोषणं केली, तेव्हा इस्पितळात बळजबरीनं अन्न घातलं. अजिंक्यताऱ्यावर पोचल्यावर भाचीनं प्रक्षेपणाचा मनोरा दाखवला, तेव्हा आठवलं: परदेशी रेडिओ ऐकू येऊ नये म्हणून त्यांच्या घराजवळ खरखर करणारं यंत्र बसवलं होतं, मग ते ट्रान्झिस्टर घेऊन घरापासून लांब चालत जात.

मंगळाईच्या देवळात दर्शन घेतलं. तटावर धुकं होतं, जरंडेश्वर मधूनच दिसायचा. १५ डिसेंबर १९८६ ला न मागता सखारोव्हच्या गॉर्कीतल्या घरी फोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा आवाज आला, मॉस्कोला परत या. सखारोव्हनी आभार मानले आणि लगेच तुरुंगात नुकत्याच वारलेल्या राजकीय कैदी अनातोली मार्चेन्कोचा विषय काढून बाकीच्या कैद्यांच्या सुटकेचं बोलायला लागले.

उतरताना भाचीनं अडवलं. "सगळं खरं, मामा. पण बॉम्ब त्यांनीच केला ना? राजानं कुणाला मारायचं साधन बनवलं नव्हतं. त्या मेलेल्या मुलीला नंतरच्या धैर्याचा काय उपयोग?"

मी म्हटलं, त्या काळी तोल राखणं गरजेचं होतं हे मत त्यांनी सोडलं नाही, पण त्या मृत्यूंची जबाबदारीही झटकली नाही. चाचण्या हवेत, पाण्यात आणि अंतराळात बंद करणारा १९६३ चा करार व्हावा म्हणून ते झटले. माझ्या लेखी हा प्रामाणिकपणा मोठा आहे. तिला तेवढं पुरेसं वाटत नव्हतं. दरवाज्यातून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागलो तरी ती आपल्या मुद्द्यावर होती आणि मी माझ्या.