तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना कोणता मोगली दाखवू?

घरात लहान मूल असलेली मित्रमंडळी भेटली की हा प्रश्न हमखास येतो. ‘जंगल बुक’, म्हणजे लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीची गोष्ट, शोधायला गेलं की एकाऐवजी पाच-सहा मोगली समोर येतात. डिस्नेचं जुनं कार्टून, डिस्नेचाच नवा सिनेमा, नेटफ्लिक्सवरचा आणखी एक, आणि आपण दूरदर्शनवर पाहिलेली मालिका. यातला खरा कोणता आणि पोरांना आधी कोणता दाखवायचा? मला विचारतात, कारण जो मोगली हाती लागेल तो मी पाहत आले आहे आणि मूळ गोष्टी अजूनही वाचते.

थोडक्यात सांगायचं तर लहान मुलांना आधी दूरदर्शनचीच मालिका दाखवा. पण ती आपल्या लहानपणी होती एवढ्यावरच हे सांगत असेन, तर ते कारण मुलांच्या काही कामाचं नाही. त्यांचं लहानपण वेगळं आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

ती मालिका जपानी. निप्पॉन अॅनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली, ५२ भागांची. आपल्याकडे ती १९९३ मध्ये हिंदीतून आली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजचं संगीत असलेलं शीर्षकगीत लागलं की घरातली मोठी माणसंसुद्धा हातातलं काम ठेवून बघायची. शेर खानला आवाज होता नाना पाटेकरांचा. तो वाघ ओरडण्यापेक्षा गुरकावत, तोलून बोलायचा, आणि म्हणूनच त्याची खरी भीती वाटायची. पुढे डिस्नेच्या २०१६ च्या सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतही शेर खान नानाच बोलले, तेव्हा आमच्या पिढीला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

मालिका मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे असं मात्र समजू नका. मोगलीसोबत हिंडणारी किची म्हणजे लाल पांडा. तो प्राणी हिमालयातला, मध्य भारताच्या जंगलात तो कुठून येणार? मोगलीच्या हातातलं बूमरँग तर थेट ऑस्ट्रेलियातलं. मोगलीचं लांडगा कुटुंबही जपानी मंडळींनी आपल्या मनाने वाढवलं आहे. तरी मी तीच आधी सांगते, कारण तिच्याकडे वेळ आहे. डिस्नेचं १९६७ चं कार्टून ७८ मिनिटांत संपतं. तेवढ्यात मोगली जंगलात वाढला हे फक्त सांगता येतं, दाखवता येत नाही. मालिकेत तो रांगतो, पडतो, शिकार चुकवतो, बल्लू अस्वलाचं ऐकत नाही, भावंडांशी भांडतो आणि आठवड्याआठवड्याने मोठा होत जातो. त्यामुळे जंगल हे त्याचं घर आहे असं बघणाऱ्या मुलाला मनापासून वाटायला लागतं. आणि हे वाटल्याशिवाय मोगलीच्या गोष्टीतला खरा घाव कळतच नाही.

तो घाव कोणता, हे मूळ पुस्तकात बघावं लागतं. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या त्या मात्र अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये बसून. ‘द जंगल बुक’ १८९४ चं आणि दुसरं पुस्तक १८९५ चं. गोष्टींचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, नदी वैनगंगा. तीच वैनगंगा जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. विदर्भातल्या वाचकाला मोगली परका वाटायचं कारणच नाही.

पुस्तकात शेर खान कसा मरतो ते ऐका. मोगली तेव्हा गावात राहून गुरं राखतोय. शेर खान वैनगंगेच्या कोरड्या घळीत दबा धरून बसल्याची खबर येते. मोगली आधी विचारतो, आज त्याने काही खाल्लंय का? कळतं की पहाटेच डुक्कर मारून खाल्लंय आणि वर पाणीही प्यायलाय. मोगली ओळखतो की भरल्या पोटाने हा वाघ ना लढू शकेल, ना घळीचे कडे चढू शकेल. मग टोळीचा जुना म्होरक्या अकेला आणि मोगलीचा लांडगाभाऊ म्हशींच्या कळपाचे दोन भाग करतात. म्हशी आणि रेडकं घळीच्या खालच्या तोंडाशी, रेडे वरच्या तोंडाशी. मोगली राम नावाच्या रेड्याच्या पाठीवर बसतो आणि रेडे घळीत सोडतो. वाघ तुडवला जाऊन मरतो. यात ना जादू, ना अंगावर येणारी मारामारी. माणसाचं गुराखीपण आणि लांडग्याचं हाकणं, दोन्ही ज्याला येतं तोच हे करू शकतो. मोगलीचं सगळं वेगळेपण त्या एका बेतात आहे.

आणि त्याचं फळ काय मिळतं? गावकरी त्याला चेटक्या म्हणून दगड मारून हाकलतात. लांडग्यांच्या टोळीने तर त्याला आधीच बाहेर काढलेलं असतं. जंगल पहिल्यांदा सोडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. हे काय होतंय ते त्याला कळत नाही, म्हणून तो बघीरा या काळ्या बिबट्याला विचारतो की मी मरतोय का. बघीरा सांगतो की हे फक्त अश्रू आहेत, माणसांना येतात तसले. त्या ओळींपाशी मी दर वेळी थांबते. ज्या दोन जगांनी त्याला वाढवलं त्यांपैकी एकातही तो पुरता मावत नाही, ही गोष्ट आहे मोगलीची. माझ्या मते कोणत्याही रूपांतराची परीक्षा इथेच होते. मोगलीच्या निघून जाण्याचं हा सिनेमा काय करतो?

डिस्नेच्या जुन्या कार्टूनने ते हसण्यावारी नेलं. पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते आणि मोगली तिच्या मागे गावात जातो, बल्लू-बघीरा गाणं म्हणत परत फिरतात. पुस्तकाचा काळोखेपणा वॉल्ट डिस्नेला नकोच होता. कथालेखक बिल पीट यांनी आधी तयार केलेली गंभीर मांडणी बाजूला ठेवली गेली आणि त्या टप्प्यावर टेरी गिल्कीसन यांनी लिहिलेल्या गाण्यांपैकी फक्त बल्लूचं एक गाणं राहिलं. पुस्तकातला बल्लू हा शिस्तीचा मास्तर, वेळेला धपाटाही घालणारा. इथे तो मजेत जगणारा आळशी मित्र झाला. ‘का’ नावाचा अजगर पुस्तकात मोगलीचा तारणहार आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवणारा. इथे तो खलनायक. माकडांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच. किपलिंगची माकडं राजा नसलेली, कायदा नसलेली टोळी आहे, आणि तेच त्यांचं लक्षण आहे. हा सिनेमा मला आवडतो, त्यातली गाणी फार सुंदर आहेत, मुलांना जरूर दाखवा. पण मोगली बघितला असं त्यावरून म्हणता येणार नाही.

२०१६ चा जॉन फाव्हरोचा सिनेमा दिसायला थक्क करणारा आहे. नील सेठी हा एकटा पोरगा लॉस एंजलिसच्या स्टुडिओत, बाकी सगळं जंगल संगणकावर उभं केलेलं. त्या दृश्यांसाठी ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. जुन्या कार्टूनमधला लुई ओरँगउटान होता, पण ओरँगउटान भारतात नाही म्हणून लुईला त्यांनी जायगॅंटोपिथेकस हा नामशेष झालेला प्रचंड वानर केलं, इतका बारीक विचार आहे. हिंदीत बघा असं मी आवर्जून सांगते. बघीराला आवाज ओम पुरींचा, बल्लूला इरफानचा, ‘का’ अजगराला प्रियांका चोप्राचा. दोन मोठे नट आता आपल्यात नाहीत, त्यांचे आवाज त्या जंगलात आहेत. पण शेवटी मोगली जंगलातच राहतो. कुणीच कुणाला सोडून जात नाही. एवढ्या ताकदीच्या सिनेमाने तिथे माघार घेतली याचं मला अजून वाईट वाटतं.

याच सुमारास दुसऱ्या स्टुडिओत दिग्दर्शक अँडी सर्किसचा ‘मोगली’ तयार होत होता. आधी तोही २०१६ मध्ये यायचा होता, मग पुढे ढकलला गेला, शेवटी नेटफ्लिक्सने घेतला आणि २०१८ च्या डिसेंबरात आला. पुस्तकावर आता कुणाची मालकी नाही, त्यामुळे अशी टक्कर होणारच. सर्किसचा मोगली खूप जखमी आहे, आतून आणि बाहेरूनही. गावातल्या गोऱ्या शिकाऱ्याचं नाव लॉकवुड ठेवलंय, किपलिंगच्या वडिलांच्या नावातलं. दोन्ही जगांत न मावण्याची वेदना इथे आहे, पण ती सोसायला लागणारा मायेचा आधार कमी पडतो. बल्लू-बघीराशी असलेलं नातं मनात रुजायच्या आतच रक्त सांडायला लागतं.

आता जो मोगली आपल्याकडे फारसा कुणी बघितलेला नाही, त्याबद्दल. डिस्नेचं कार्टून आलं त्याच वर्षी, १९६७ मध्ये, मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओने रोमान दाविदोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली मोगलीचा पहिला भाग काढला. १९७१ पर्यंत असे पाच भाग झाले आणि पाचव्याचं नावच ‘माणसांकडे परत’. बघीरा तिथे मादी आहे, सळसळत चालणारी. का अजगर मित्र आहे, अवाढव्य आणि शहाणा. ओसाड पडलेल्या जुन्या शहरात माकडांपुढे तो गोल गोल सरकायला लागतो आणि माकडं भारल्यासारखी पुढे येतात, ते बघताना मोठ्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. रशियन येत नसेल तर मुलांशेजारी बसून गोष्ट सांगत बघा. चित्रच एवढं बोलतं की काही अडत नाही. निघून जाण्याला कचरणारा हा सिनेमा नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यांत जास्त पुस्तक याच्यात आहे.

पुस्तकाबद्दलही एक गोष्ट मोठ्या मुलांपासून लपवू नये. मोगलीची सर्वांत आधी छापलेली गोष्ट १८९३ ची, आणि तिच्यात मोठा झालेला मोगली इंग्रज सरकारच्या वनखात्यात नोकरीला लागतो. ज्याने कुणाचाच पट्टा गळ्यात घातला नाही त्याला लेखकाने साहेबाच्या पगारावर ठेवलं. किपलिंगला साम्राज्य मनापासून पटत होतं आणि ते इथे उघड दिसतं. तरी सिवनीच्या गोष्टी त्याच माणसाने लिहिल्या. दोन्ही गोष्टी मी मुलांना सांगते, आणि ती ऐकून घेतात. ‘मग मोगलीने “नाही” असं का म्हटलं नाही?’ असं एका मुलीने विचारलं होतं, आणि त्या प्रश्नावर आमच्या कितीतरी वेळ गप्पा चालल्या.

तर क्रम असा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला जपानी मालिका, हिंदीतून, आणि एका दिवशी एकच भाग. सगळे भाग एकदम बघून टाकू देऊ नका, मोगलीला हळूहळू मोठं होऊ द्या. मधेच कधीतरी डिस्नेचं जुनं कार्टून, गाण्यांसाठी. सात-आठ वर्षांनंतर २०१६ चा, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. रशियन मोगली त्यानंतर, आणि त्याच्यासोबतच पुस्तकातली घळीची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. ती आधी वाचली तरी चालेल, वाघ मरणार हे माहीत असूनही मुलं श्वास रोखून ऐकतात. सर्किसचा मात्र बारा-तेरा वर्षांच्या आधी नको. त्यात भूत नावाचं एक पांढरं लांडग्याचं पिल्लू आहे. शिकाऱ्याच्या घरात मोगलीला ते ज्या अवस्थेत सापडतं ते पाहायची लहान मुलांची तयारी नसते.