दीड मिनिटाची विहीर

सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या यावल-चोपडा पट्ट्यात, पाण्याचा प्रश्न फोटोत येत नाही. भर मे महिन्यातही रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी हिरवीगार उभी असते. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, पण ते सगळं जमिनीच्या पोटात. वरून बघणाऱ्याला वाटतं, यांना काय कमी आहे?

आमच्या गावच्या मंडळाने विहीर पुनर्भरणासाठी, म्हणजे पावसात नाल्याला आलेलं पाणी गाळून विहिरीत सोडायच्या कामासाठी, एका कंपनीकडे निधी मागितला. त्यांनी अर्जासोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ मागवला आणि पहिला वाद यावरूनच झाला. एकजण म्हणाला, ड्रोन आणू. दुसऱ्याला भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया पाहिजे होत्या. मी म्हटलं, "भो, भेगा दाखवायच्या तर दुसऱ्या तालुक्यातून उसन्या आणाव्या लागतील." मी लग्नांची शूटिंग करतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं, त्यामुळे माझं थोडं ऐकलं गेलं.

आधी विचार केला तो बघणाऱ्याचा. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ असं सांगतं, की ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. नैसर्गिक साधनसंपत्तीचं जतन त्या कामांच्या यादीत आहेच. म्हणजे समोरची समिती पैसे द्यायलाच बसलेली असते, तिला रडवून काय मिळणार? एका बैठकीत ढीगभर व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला आपल्या पैशाचं नेमकं काय होणार, एवढं दिसलं म्हणजे झालं. म्हणून कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी मी शेवटचं वाक्य लिहून ठेवलं: "एका विहिरीला पंचवीस हजार रुपये लागतात, आम्हाला चाळीस विहिरी करायच्या आहेत." मंडळाच्या अर्जात जलजागृती, वृक्षलागवड, महिला सक्षमीकरण असं सगळंच होतं. ते अर्जातच राहू दिलं. सावकाश बोललं तर दीड मिनिटात दोनशेच्या आसपास शब्द बसतात. त्यात वृक्षलागवड कुठे घुसवणार?

आता जमिनीखालचं दाखवायचं कसं? याचं उत्तर विहिरीनेच दिलं. आप्पांची जुनी विहीर आहे, दगडी बांधणीची. वरून तिसऱ्या थरापाशी पांढरट क्षाराची रेघ आहे, पूर्वी पाणी तिथवर असायचं. त्याच्या बरंच खाली गंजलेले लोखंडी अँगल, त्यावर जुनी मोटर बसवलेली होती. आणखी खाली दुसरे अँगल. मग कोरडा तळ, आणि त्या तळातून वर आलेला उभ्या बोअरचा पाइप. मी फोन काठीला घट्ट बांधून त्या भिंतीवरून वरून खाली सावकाश नेला. कुठेही न तोडलेला एकच शॉट. त्यावर निवेदन ठेवलंच नाही.

पुढचं काम आप्पांचं. नवी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीवर बसले आणि सरपंचाच्या भाषणासारखं बोलायला लागले. मग त्यांना उठवलं आणि ठिबकच्या नळ्या सरळ करता करता बोला म्हटलं. प्रश्नही बदलला. "विहीर कधी खोदली?" असं विचारलं की नुसतं साल मिळतं, "आप्पा, या विहिरीची हकीकत सांगा" म्हटलं की माणूस पहिल्यापासून सुरू होतो आणि विचारणाऱ्याचा आवाज कापून टाकला तरी अर्थ लागतो. हिशेब त्यांच्याच तोंडून आला. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. एकर म्हणजे चार हजारांवर चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे एका एकरावर १ लाख लिटर. आप्पा म्हणाले, "धा हजाराचे धा टँकर आले आन् नाल्यानं तापीला गेले." सगळंच काही वाहून जात नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण वाक्य तेच ठेवलं, फक्त खाली पट्टीत "यातलं बरंचसं" असं टाकलं.

खरा त्रास आवाजाचा. केळीची फाटकी पानं वाऱ्यावर जी फडफड करतात ती माइकमध्ये पावसासारखी ऐकू येते. त्यात थ्री फेज लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम घुमायला लागतात. म्हणून बोलण्याचा भाग लाइट यायच्या आधी, उजाडल्या उजाडल्या घेतला. ऊन चढल्यावर फोन तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो, तेव्हा तसंही सकाळशिवाय गत नव्हती. निवेदन मी बंद गाडीत काचा लावून, एसी न लावता बोललो. घामाने निथळलो, पण आवाज स्वच्छ आला.

पुनर्भरणाचा खड्डा समजावायला अॅनिमेशन करून घ्या, असाही सल्ला आला. त्यापेक्षा काचेची बरणी घेतली: खाली मोठे गोटे, वर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि त्यावर नाल्याचं गढूळ पाणी. खाली थेंब थेंब नितळ पाणी उतरताना जवळून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा म्हणजे अशीच गोटे-वाळूची जमीन, तिथे पाणी लवकर जिरतं. हे भूगोलातलं वाक्य बरणीच्या त्या दृश्यावर आपसूक बसलं. मागच्या पावसाळ्यात एका पोराने पाइपातून विहिरीत पडणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ काढला होता. हलतोय, धूसर आहे, तरी घेतलाच. नाल्याचं पाणी खरोखर विहिरीत पडताना दाखवणारी तीच एक क्लिप होती. संगीताच्या जागीही त्याच पाण्याचा आवाज ठेवला, कॉपीराइटची कटकट नको.

मराठी पट्ट्या टाकताना काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, तेवढं तपासून घ्यावं. पट्ट्या लागतातच, पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. व्हॉट्सअॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर चित्राचा पार चुरा होतो. आणि ज्याला दाखवतो त्याची लेखी संमती घ्यावी. आप्पांनी सही करताना एकच अट घातली, गट नंबर दिसायला नको.

व्हिडिओ गेल्यानंतर कंपनीतून फोन आला. कौतुक दोन वाक्यांत आटोपलं आणि पुढे थेट प्रश्न: वाळू गाळाने बसली तर काढणार कोण? फवारणी केलेल्या शेताचं पाणी विहिरीत गेलं तर? पहिल्याचं उत्तर तयार होतं: वरचा वाळूचा थर दर पावसाळ्याआधी शेतकऱ्याने बदलायचा, तसं त्याच्याकडून लिहून घेतो. दुसऱ्यासाठी शेतातलं पाणी थेट घेत नाही, नाल्याचं घेतो, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यावर. तोवर पाइपाला बूच. चाळीसपैकी पंधरा विहिरींचे पैसे मंजूर झाले. आता तोच व्हिडिओ उभा कापून गावच्या ग्रुपवर टाकला आहे आणि तिथे सगळे एकच विचारताहेत, पाइप चार इंची घ्यायचा की सहा.