11 केव्हीचे जॉइंट एका पद्धतीत बसवताना: माझा अनुभव

कोल्हापुरात शिरोलीच्या बाजूला एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. मीटरिंगपासून आत भट्टी, मोल्डिंग, कॉम्प्रेसरपर्यंत गेलेली 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) जमिनीखालची केबल आमची स्वतःची. त्यातली बरीच जुनी, तेलात भिजवलेल्या पेपरची, वर शिशाचं आवरण. बाकी नंतर टाकलेली एक्सएलपीई, म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनची. फॉल्ट झाला की तो भाग कापून टोकं जोडायची, तोच जॉइंट. त्या वेळी जो जॉइंटर, म्हणजे जोडणी करणारा कारागीर सापडला, त्यानं आणलेलं किट (जोडणीच्या सामानाचा संच) बसलं. भट्टीत लोखंड वितळलेलं असताना लाइन गेली की सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी चालू करा, मग बघू. त्यामुळे एकाच फीडरवर, म्हणजे वीज नेणाऱ्या एकाच लाइनवर, कंपाउंड ओतलेली जुनी पेटी, तापवून आवळणारं हीट श्रिंक, न तापवता आवळणारं कोल्ड श्रिंक, सगळा गोतावळा.

वरून आदेश आला, ‘एक चांगलं किट ठरवून टाका.’ मला ते पटेना. एक्सएलपीईच्या किटला आयएस 13573 या भारतीय मानकाप्रमाणे टाइप टेस्टचा (नमुन्याच्या चाचणीचा) रिपोर्ट मागायचाच, पण ती टेस्ट कोऱ्या केबलवर झालेली असते. आमच्या खड्ड्यातल्या म्हाताऱ्या पेपरबद्दल तो रिपोर्ट काय सांगणार? म्हणून गेलेले जॉइंट भंगारात जाऊ न देता वर्कशॉपच्या टेबलावर उभे चिरले.

पेपर केबलची तार पंख्याच्या पात्यासारखी तिकोनी, एक्सएलपीईची गोल. दोन्ही एकाच फेरूलमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या धातूच्या नळीत, हाताशी असलेल्या डायनं (दाबायच्या साच्यानं) दाबलेल्या. आत फट, फटीत उष्णता, भोवती काळा कोळसा. दुसऱ्या एकात सेमीकॉन, म्हणजे इन्सुलेशनवरचा अर्धवाहक थर, सोलताना सुरीची रेघ खालच्या इन्सुलेशनवर उठलेली. तेवढ्या रेघेत हवा अडकते, तिथं डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) सुरू होतो आणि तो आत आत खात जातो. काही ठिकाणी तेल अडवणारी ऑइल बॅरियर ट्यूबच नाही, पेपरमधलं तेल जॉइंटमध्ये झिरपून मॅस्टिक (आत भरलेला चिकट लगदा) पिठासारखं मऊ पडलेलं आणि पेपर कोरडा. किटचं नाव काय होतं, याचा यातल्या कशाशीही फारसा संबंध नव्हता.

मग ठरवलं ते असं. पेपर ते पेपर जॉइंट बंद. फॉल्टचा भाग कापून मध्ये एक्सएलपीईचा तुकडा टाकायचा आणि दोन्ही टोकांना ट्रान्झिशन जॉइंट, म्हणजे पेपरला एक्सएलपीई जोडणारा. आमची पेपर केबल बेल्टेड, म्हणजे तिन्ही कोअरवर (इन्सुलेशन चढवलेल्या तारांवर) मिळून इन्सुलेशनचा एकच पट्टा. एक्सएलपीईत प्रत्येक कोअरला आपापला स्क्रीन, म्हणजे वाहक आवरण. म्हणून ट्रान्झिशनमध्ये आधी तेल अडवायचं, मग कोअरगणिक स्क्रीन उभा करायचा, हा क्रम लिहून दिला. फेरूलच्या जागी शिअर बोल्टचा कनेक्टर: ठरलेल्या टॉर्कला बोल्टचं डोकं आपोआप तुटतं, डायची भानगड नाही, एकच कनेक्टर तीन-चार साइजना चालतो. स्टोअरवाल्यांनी फेरूलचा भाव समोर धरला. मी चिरलेला जॉइंट त्यांच्या टेबलावर ठेवला. तेलाचा डाग फायलीवर पडला, पण मंजुरी मिळाली.

केबल किती मागं कापायची, हा खरा वादाचा मुद्दा. पाणी शिरलं की पेपरमधून ते दोन्ही बाजूंना चढत जातं आणि पंचगंगेच्या या पट्ट्यात पाण्याला तोटा नाही. आमचा जॉइंटर वयानं मोठा, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी चहाचं जुनं पातेलं आणून त्यात मेण कडक तापवलं. पेपरमध्ये ओल असेल तर त्यात बुडबुडे येतात. तारेला लागून असलेली पेपरची पट्टी मी काढायला गेलो तर ओरडले, “हात लावू नगा सायेब, घामानं बी फेस येतोय!” पक्कडीनं ओढून सोडली. चुर्र करून बुडबुडे आले. आणखी मागं कापलं, परत चुर्र. पट्टी मेणात गप्प बसेपर्यंत जॉइंट करायचा नाही, हा नियम मामांचाच. मी फक्त कागदावर आणला.

टेस्टिंगला ठेकेदार डीसी हायपॉट, म्हणजे केबलवर डीसीचा जास्त दाब देणारं मशीन, घेऊन यायचा. जुन्या एक्सएलपीईला तो दाब मानवत नाही, आत चार्ज साठून राहतो आणि केबल नंतर चालू लाइनवर दगा देते. आता 0.1 हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीची) टेस्ट. मशीन भाड्यानं आणावं लागतं, महाग पडतं, पण तिथं काटकसर नको. लोडचंही एक: एक्सएलपीई तारेच्या 90 अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालते, पेपरची मर्यादा त्याहून खाली. तुकडा नवा घातला म्हणून फीडरचा लोड वाढवता येत नाही, हे प्रॉडक्शनवाल्यांना दर महिन्याला सांगावं लागतं.

या पद्धतीत एक दुखणं आहेच. एका फॉल्टला दोन जॉइंट वाढतात. म्हणून शेवटी एक ओळ घातली, शंभर मीटरच्या आत दुसऱ्यांदा तुकडा घालायची वेळ आली तर दुरुस्ती नाही, तेवढी केबलच बदलायची. बाकी सगळ्या कागदापेक्षा या एका ओळीवर सही मिळवायला जास्त चकरा झाल्या, कारण तिच्यात केबलच्या अख्ख्या ड्रमचे (मोठ्या रिळाचे) पैसे होते.